मूळ कारणाचा हुद्दा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे पूर्वापार सांगितलं जातं. हे पहिल्यांदा सांगणारा गृहस्थ नक्कीच कुठल्यातरी कचेरीत नोकरीला असणार. ऋषी आणि नदी ही त्यानं सावधगिरी म्हणून घातलेली नावं. त्याला म्हणायचं होतं ते एवढंच, की काही बिघडलं तर उगाच मुळाशी जाऊ नये. मुळाशी बहुधा साहेब बसलेले असतात.

पण आता काळ बदलला. मुळाशी जाणं सक्तीचं झालं. त्यासाठी छापील फॉर्म आहे, फॉर्मला नंबर आहे, आणि तो भरून द्यायची तारीख सहसा काल उलटून गेलेली असते. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, एमआयडीसीच्या कुठल्याही फाट्यावर उतरा आणि समोरच्या शेडमध्ये शिरा. भिंतीवर गणपतीचा फोटो, त्याच्याशेजारी गुणवत्ता धोरण, आणि खाली टेबलाभोवती चार माणसं ‘रूट कॉज’ शोधताना दिसतील. फाइव्ह व्हाय, फिशबोन, एट-डी, कापा (करेक्टिव्ह अँड प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन) हे शब्द इथं भाजी-भाकरीइतके रोजचे झाले आहेत. क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या माणसाच्या घरी दूध उतू गेलं, तर तो आधी फडकं आणत नाही. ‘मागच्या वेळी काय करेक्टिव्ह ॲक्शन घेतली होती?’ असं विचारतो. त्याला घरून मिळणारी उत्तरं मात्र कुठल्याही फॉर्मात बसत नाहीत.

फाइव्ह व्हाय ही ‘का’ची पंचारती मूळची जपानची. साकिची टोयोडा (१८६७–१९३०) हे सुताराचे चिरंजीव. मागात सुधारणा करता करता त्यांनी असा यंत्रमाग बनवला, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यांच्याच घराण्यातून पुढं टोयोटा मोटार निघाली, आणि ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत त्यांच्या नावावर सांगितली जाते. ती जगभर पोचवली टोयोटाच्याच तैइची ओनो यांनी. १९७८ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक उदाहरण दिलं, आणि तेव्हापासून ते प्रत्येक ट्रेनिंगमध्ये, शक्यतो जेवणानंतरच्या तासाला, सांगितलं जातं. यंत्र बंद का पडलं? जादा लोड येऊन फ्यूज उडाला. लोड का आला? बेअरिंगला वंगण कमी पडलं. का कमी पडलं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का नव्हता? त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत गेला. पहिल्याच ‘का’वर थांबलं तर माणूस फ्यूज बदलून घरी जातो आणि चार दिवसांनी पुन्हा फ्यूज बदलायला येतो. पाचव्या ‘का’पर्यंत गेलं तर गाळणी बसते आणि प्रकरण मिटतं.

या गोष्टीत एक गंमत आहे, ती ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. ओनोंच्या पाच उत्तरांत माणूसच नाही. फ्यूज आहे, बेअरिंग आहे, पंप आहे, शाफ्ट आहे, गाळणी आहे. पण ‘अमक्यानं लक्ष दिलं नाही’ असं कुठंही नाही. हेच यंत्र आमच्याकडे बंद पडलं असतं, तर पहिल्याच ‘का’ला उत्तर आलं असतं: ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? फोनवर बोलत होता. फोनवर का बोलत होता? गावाहून फोन आला होता. गावाहून का आला? मेव्हण्याचं लग्न ठरत होतं. आत्ताच का ठरत होतं? पुढं मुहूर्त नाहीत. म्हणजे पाचव्या ‘का’ला आम्ही थेट पंचांगापर्यंत पोचलो असतो, आणि पंप तसाच खडखडत राहिला असता.

हे मी हवेत बोलत नाही. मी ज्या कारखान्यात क्वालिटीत होतो (नाव सांगत नाही, अजून तिथल्या लोकांच्या लग्नाला जातो), तिथं ऐन जुलैत कस्टमरकडून तक्रार आली. आमचे ब्रॅकेट गंजलेले निघाले होते. सोबत फोटो होते, फोटोवर लाल बाण होते. गंज एवढा होता की बाणांची गरज नव्हती; पण बाण काढल्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही. चोवीस तासांत तात्पुरता बंदोबस्त आणि आठवड्यात मूळ कारण कळवा, असं खाली लिहिलं होतं.

बैठक भरली. प्लँट हेड मधोमध, उजवीकडे परचेस, डावीकडे प्रॉडक्शन, समोर क्वालिटी, आणि दाराजवळ एचआर, कारण कुणाला तरी पत्र द्यावं लागणार हे एचआरला वासावरून कळतं. प्लँट हेडच्या बरोबर मागच्या भिंतीवर एक फ्रेम होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत परचेसला मिळालेलं बक्षीस: ‘उत्कृष्ट खर्चबचत’. ही बचत कशात झाली होती, तर गंज लागू नये म्हणून पार्टला लावतात त्या आरपी ऑइलमध्ये. पूर्वीचं तेल महाग होतं, दाट होतं. नवीन तेल स्वस्त होतं, पातळ होतं. ही सगळी माहिती फ्रेममध्ये, रंगीत आलेखासकट, टांगलेली होती. बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला प्लँट हेडकडे बघताना ती फ्रेम दिसत होती. एकट्या प्लँट हेडची पाठ तिच्याकडे होती.

पहिला ‘का’ पडला. गंज का लागला? क्वालिटी म्हणाली, तेलाचा थर पुरेसा नव्हता. दुसरा ‘का’. थर पुरेसा का नव्हता? इथं खोलीत एक बारीक शांतता पसरली. चार जोड डोळे क्षणभर फ्रेमवर गेले आणि खाली उतरले. परचेसच्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मग प्रॉडक्शन म्हणालं, पॅकिंगच्या ऑपरेटरनं तेल नीट लावलं नसावं. सगळ्यांचा श्वास सुटला. दिशा मिळाली.

ऑपरेटरला बोलावलं. तो आला आणि दारातच उभा राहिला. अशा खोलीत खुर्ची आपल्यासाठी नसते, हे त्याला ठाऊक होतं.

“तेल लावलं होतंस का रे?”

“लावलं होतं साहेब.”

“मग गंज कसा लागला?”

“आता काय सांगू साहेब... ते तेल आहे का पाणी आहे, तेच कळत नाही.”

एवढ्या एका वाक्यात त्यानं पाचही ‘का’ संपवले होते. कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं. तो गेला. संध्याकाळी बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘ऑपरेटरला तेल व पाणी यांतील फरक माहीत नाही.’ आणि उपाययोजनेच्या रकान्यात: ‘प्रशिक्षण.’

प्रशिक्षण द्यायला गेलो तेव्हा कळलं, की तो कंत्राटी होता आणि दोनच दिवसांपूर्वी त्याचा ब्रेक पडला होता. पण फॉर्मवर प्रशिक्षणाची तारीख आणि सही लागते. म्हणून त्याच्या जागी नव्यानं लागलेल्या पोराला बसवून तेल आणि पाणी यांतला फरक समजावून सांगण्यात आला. त्यानं सही केली. त्याला वाटलं, मोठ्या कंपनीत सगळ्यांनाच हे शिकवत असतील.

या आणि अशा बऱ्याच बैठका पाहिल्यावर मी एका सिद्धांतापर्यंत आलो आहे. मूळ कारण सापडत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. कॅन्टीनमध्ये ते चहाबरोबर फुकट मिळतं. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक कारणाला हुद्दा असतो, आणि अहवालात फक्त विशिष्ट हुद्द्याखालचीच कारणं लिहिता येतात. पाचव्या ‘का’चं उत्तर बैठकीतल्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या किमान दोन पायऱ्या खाली थांबतं. प्लँट हेड बसला असेल तर सुपरवायझरपर्यंत, मॅनेजर बसला असेल तर ऑपरेटरपर्यंत आणि सुपरवायझर एकटाच बसला असेल तर हेल्परपर्यंत. हेल्पर एकटा बसला असेल, तर त्याला मूळ कारण बरोबर सापडतं. पण त्याच्याकडे फॉर्म नसतो.

म्हणूनच आपल्याकडची काही मूळ कारणं सदासर्वकाळ तयार असतात. ‘प्रशिक्षणाचा अभाव’ हे त्यातलं पहिलं. त्याला विरोध कोण करणार? ‘निष्काळजीपणा’ हे दुसरं. ‘कम्युनिकेशन गॅप’ हे तिसरं, आणि ते वरच्या हुद्द्यासाठी राखीव असतं. ऑपरेटरकडून होतो तो निष्काळजीपणा, मॅनेजरकडून होते ती कम्युनिकेशन गॅप, आणि संचालकांकडून झालं तर ती बाजाराची परिस्थिती. ‘मानवी चूक’ हे चौथं. यातला मानव कधीही वातानुकूलित खोलीत बसत नाही.

फिशबोनचीही तीच कथा. काओरू इशिकावा या जपानी प्राध्यापकांच्या नावानं ओळखली जाणारी ही आकृती माशाच्या सांगाड्यासारखी असते. डोक्याच्या जागी दुखणं लिहायचं आणि काट्यांवर कारणं: मॅन, मशीन, मटेरियल, मेथड, मेजरमेंट आणि मदर नेचर. सहा ‘एम’. काही ठिकाणी सातवा काटा मॅनेजमेंटचाही काढतात असं ऐकून आहे. आमच्याकडे पाटीवर तेवढी जागा नव्हती. बोर्डावर मासा काढणं हे ज्युनियर इंजिनियरचं काम. तो मार्कर उचलतो, तो लिहीत नाही. दुसरा उचलतो, तोही नाही. तिसरा लिहितो, पण तो पर्मनंट निघतो. मग तो मासा पुढची दोन वर्षं बोर्डावर राहतो आणि त्याच्यावरून नवे मासे काढले जातात. मॅनचा काटा पहिला असल्यामुळे सगळे तिथंच दाटी करतात. मेथडच्या काट्यापर्यंत येईतो चहा येतो. मदर नेचरचा काटा पावसाळ्यात फार उपयोगी पडतो, कारण पावसाला मेमो देता येत नाही आणि पाऊस उलट उत्तरही देत नाही. मालवणी माणूस मासा खातो आणि काटा ताटाच्या कडेला ठेवतो. आम्ही मासा फेकून देतो आणि काटे लॅमिनेट करून भिंतीला लावतो.

एट-डी हा याहून मोठा सोहळा. आठ पायऱ्या: पथक नेमा, दुखणं नेमकं मांडा, तात्पुरता बंदोबस्त करा, मूळ कारण शोधा, कायमचा उपाय निवडा, तो अमलात आणा, पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था करा आणि शेवटी पथकाचं अभिनंदन करा. कागदावर याच्याइतकं शहाणपणाचं काही नाही. आमच्याकडे मात्र अहवाल शेवटापासून भरायला घेत. आठवी पायरी सर्वांत सोपी, म्हणून ती आधी. पथकाचं अभिनंदन झालेलं असे, समोसे येऊन गेलेले असत, आणि चौथा रकाना अजून कोरा असे. मग कुणीतरी मागच्या वर्षीची फाइल उघडायचा आणि मूळ कारण कॉपी-पेस्ट करायचा. एकदा कास्टिंगमधल्या भोकांच्या तक्रारीच्या अहवालात ‘पॅकिंग पट्टी सैल असल्याने’ हे मूळ कारण गेलं. कस्टमरनं ते मंजूर केलं. त्यांच्याकडेही वाचणारा तोच असावा, जो आमच्याकडे लिहिणारा होता.

ओनो म्हणे नव्या इंजिनियरला शॉपफ्लोअरवर खडूनं वर्तुळ काढून त्यात तासन्‌तास उभं करत. हलायचं नाही, नुसतं पाहायचं. यंत्र कुठं अडतं, माणूस कुठं वाकतो, माल कुठं पडून राहतो हे पाहता पाहता दिसायला लागतं. जिथं काम चालतं त्या जागेला ते गेम्बा म्हणतात; तिथं प्रत्यक्ष जाऊन बघायचं. आमच्याकडेही गेम्बाला भेट होती. पण भेटीचं परिपत्रक आदल्या सोमवारी निघायचं. मग पिवळे पट्टे नव्यानं रंगवले जायचे, गळणाऱ्या कूलंटखाली नवा ट्रे सरकवला जायचा, आणि मोडका फिक्स्चर ताडपत्रीखाली झोपायला जायचा. साहेब यायचे तेव्हा मूळ कारण नुकतंच पुसून कोरडं केलेलं असायचं. साहेब त्याच्यावरून चालत जायचे आणि ‘फाइव्ह एस उत्तम’, म्हणजे नीटनेटकेपणा उत्तम, असा शेरा देऊन जायचे.

माणसाला धरून व्यवस्थेला सोडण्याची ही खोड केवळ आपली नाही, म्हणून तर एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं तिच्यावर एक नाटुकलंच बसवलं होतं. १९५० साली जपानी साहेबलोकांना गुणवत्ता शिकवायला गेलेले ते हेच डेमिंग. ते व्याख्यानाला एक पेटी घेऊन येत. पेटीत हजारो मणी, बहुतेक पांढरे, पण पाचातला एक लाल. श्रोत्यांतले काही जण ‘कामगार’ म्हणून वर बोलवायचे. त्यांच्या हातात ५० खळग्यांची फळी द्यायची आणि सांगायचं: फळी पेटीत बुडवा, पांढरे मणी काढा, लाल एकही नको, कस्टमरला लाल चालत नाहीत. आता डोळे मिटून घ्या किंवा उघडे ठेवा, पेटीत लाल आहेत म्हणजे फळीवर लाल येणारच. सरासरी दहा. कुणाला सात येतात, कुणाला तेरा.

मग डेमिंग फोरमनच्या सोंगात शिरत. ज्याला सात आले त्याची पाठ थोपटत, त्याला बढती देत. ज्याला तेरा आले त्याला फैलावर घेत. दुसऱ्या फेरीत सातवाल्याला बारा येत, मग ‘बढती डोक्यात गेली’ म्हणून त्याचा उद्धार होई. भिंतीवर घोषवाक्यं लागत. शेवटी ‘कमजोर’ कामगारांना कामावरून काढून फक्त ‘गुणवान’ ठेवले जात, आणि त्यांनाही पुन्हा तेवढेच लाल मणी येत. लोक हसून लोळत. आपल्याच कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनाला आपण हसतो आहोत, हे गाडीत बसल्यावर लक्षात येत असावं. पेटी कुणी भरली, एवढा एकच प्रश्न त्या खेळात विचारायचा असतो आणि तो सोडून सगळे विचारले जातात. डेमिंगनी आपल्या पुस्तकात अंदाज दिला आहे, की दुखण्यांपैकी ९४ टक्के व्यवस्थेची, म्हणजे व्यवस्थापनाच्या अखत्यारीतली असतात. आमच्या भिंतीवर डेमिंगचं चित्र होतं. आकडा नव्हता.

सरकारी कचेरीत फिशबोन नसतो. तिथं चौकशी समिती असते. समितीचं मोठेपण हे, की ती मूळ कारणाच्या मागं न धावता त्यालाच निवृत्त होऊ देते. दरम्यान एका लिपिकाला कारणे दाखवा नोटीस निघते. तो बिचारा खरोखरच कारणं दाखवतो: संगणक बंद होता, शिपायाचं पद रिक्त आहे, तीन टेबलांचं काम एकट्याकडे आहे. त्याचा खुलासा ‘असमाधानकारक’ ठरतो, कारण त्यात त्यानं खरी कारणं दाखवलेली असतात. आगीच्या बाबतीत तर आपण कमालीचे तत्पर आहोत. राख निवायच्या आत ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ छापून येतो. हा अंदाज कायम प्राथमिकच राहतो. त्याची माध्यमिक शाळेत भरती झाल्याचं ऐकिवात नाही. वायरिंग किती जुनं होतं, बदलायचा प्रस्ताव कुणाच्या टेबलावर होता, हा दुसरा ‘का’ शॉर्ट सर्किटबरोबरच जळून जातो.

हिंजवडीकडची आयटी मंडळी म्हणतील, आमच्याकडे असं नाही, आमच्याकडे ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टम’ होतं. होतं खरं. त्यात कुणाचंही नाव घ्यायचं नसतं, म्हणून ‘त्या दिवशी रात्री साडेअकराला बदल करणारी टीम-मेट’ असं म्हणतात आणि कॉलवरचे सगळे जण एकाच माणसाच्या बंद कॅमेऱ्याकडे बघतात. चाचणी न करता शुक्रवारी रात्री रिलीज करायला कुणी सांगितलं, हा विषय ‘वेळेअभावी ऑफलाइन घेऊ’ या सदरात जातो. ऑफलाइन गेलेला विषय परत ऑनलाइन येत नाही.

यावर कुणी म्हणेल, मुळाशी जाणं आपल्या मातीतच नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे मात्र मला मान्य नाही. आपल्या आडात भरपूर आहे. १७७३ सालच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘ध चा मा’. धरावे ऐवजी मारावे झालं, बस, एका अक्षराचा घोटाळा. आजच्या एखाद्या समितीकडे हे प्रकरण गेलं असतं, तर अहवाल दुपारच्या जेवणाआधी तयार झाला असता. खून का झाला? पत्रात ‘मा’ होता. ‘मा’ का होता? खाडाखोड झाली. खाडाखोड का झाली? मसुद्यावर नियंत्रित प्रतीचा शिक्का नव्हता. उपाय: सर्व कारकुनांस सुवाच्य अक्षराचं प्रशिक्षण, गारद्यांस समज. पण चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांकडे होती. ते गारद्यांपाशी थांबले नाहीत, अक्षरापाशीही थांबले नाहीत. ‘का’ विचारत विचारत वर चढत गेले आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांनाच त्यांनी दोषी ठरवलं. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही, असं सांगून त्यांनी पुणं सोडलं. मूळ कारण शोधण्याचा याहून स्वच्छ नमुना कुठल्याही जपानी पुस्तकात नाही. फक्त आठवी पायरी, पथकाचं अभिनंदन, तेवढी राहिली.

आणि महात्मा फुल्यांचं काय? ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी अविद्येपासून निघून अनर्थापर्यंत पोचणारी जी साखळी मांडली, ती मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. एकेका ओळीत एकेक पायरी. कुणी फाइव्ह व्हायचं नावही ऐकलं नव्हतं त्या काळात जोतिरावांनी शेतकऱ्याच्या दैन्याचं मूळ कारण लिहून टाकलं. ‘शेतकऱ्याचं लक्ष नव्हतं’ असं त्यात कुठंही नाही. ती साखळी आपण पाठ केली, भाषणाच्या शेवटी म्हणायला लागलो, आणि तिच्यातली रीत मात्र जपानहून मागवली.

रीत काम करत नाही असंही नाही. जिथं ती मनापासून वापरतात तिथं करते. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली डेमिंग पारितोषिक मिळालं, ते काही समोशांवर मिळालेलं नव्हतं. अशा ठिकाणी लाइन थांबवणाऱ्या ऑपरेटरवर कुणी खेकसत नाही, आणि ‘तेल आहे का पाणी आहे’ असं तो म्हणाला तर कुणीतरी उठून ड्रम बघायला जातं. एवढाच फरक. ड्रम बघायला जाणाऱ्याला फार शिकलेलं असावं लागत नाही. फक्त ड्रमवर कुणाची सही आहे याची भीती नसावी लागते.

आमच्या ब्रॅकेटचं पुढं काय झालं, हे सांगायला हवं. ऑगस्टमध्ये पुन्हा गंज आला, पुन्हा प्रशिक्षण झालं. सप्टेंबरमध्ये आला, ‘रिफ्रेशर’ प्रशिक्षण झालं. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला आणि गंजही थांबला. चौथ्या रकान्यातलं मूळ कारण खरं ठरलं, उपाय लागू पडला, अहवालावर शेरा आला: ‘उपाययोजना परिणामकारक. प्रकरण बंद.’ पुढच्या वर्षी जूनमध्ये ते आपोआप उघडलं.

तेव्हा वाचकहो, तुम्ही कारखान्यात असा, बँकेत असा, शाळेत असा की मंत्रालयात, मूळ कारणाच्या बैठकीचं बोलावणं आज ना उद्या येणारच. तिथं गेल्यावर एवढंच करा. पाच ‘का’ होऊ द्यात. पाचवं उत्तर ज्या माणसापाशी थांबलं, त्याचा पगार आणि प्रश्न विचारणाऱ्याचा पगार मनातल्या मनात ताडून पाहा. उत्तराचा पगार कमी भरला, तर मूळ कारण अजून सापडलेलं नाही असं खुशाल समजा आणि सहावा ‘का’ खुर्चीकडे तोंड करून विचारा. नोकरी टिकली तर तुमचा कारखाना चांगला आहे, तिथंच राहा. नाही टिकली, तर ती का गेली, हे शोधायला निदान तुम्हाला समिती लागणार नाही.